लहान मूल, टीव्ही आणि मोबाईल: सोलापुरातल्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीच्या फाटकापाशी, पाणी सुटलं की नळावर, कुणाच्या बारशाला गेलं की तिथेही, हेच विषय निघतात. म्हणून एकदाच लिहून काढलं. घर आमचं असं: लेक साडेतीन वर्षांची, सासू-सासरे सोबत, नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आणि मी घरून दोन-तीन कारखान्यांचे हिशेब लिहिते. उत्तरं या घरातली आहेत. डॉक्टरांचं काम डॉक्टरांकडेच राहू दे.

दिवसाला नेमका किती वेळ दाखवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास; त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास तेच आहे. पुण्याच्या आत्याशी किंवा दुबईच्या काकाशी व्हिडिओ कॉल केला तर तो यात धरत नाहीत.

त्याच सूचनांतली बाकीची वाक्यं मात्र कुणी विचारत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि दुपारच्या झोपेसकट दहा ते तेरा तास झोप हवी. माझं मत विचाराल तर आधी झोपेचा आकडा सांभाळा. रात्री साडेदहापर्यंत जागं राहिलेलं पोर दुसऱ्या दिवशी टीव्हीसाठी रडतं, भातासाठी रडतं, चप्पल डाव्या पायात घातली म्हणूनही रडतं.

बंद केलं की भोकाड पसरते. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या लहानपणी कार्यक्रम संपायचा. शेवटी नावं यायची, मग बातम्या लागायच्या, आणि बातम्या लागल्या की पोरं आपोआप उठून बोळात पळायची. टीव्ही बंद करायचं काम आईकडे नव्हतंच, ते दूरदर्शनच करून द्यायचं. आता एक गाणं पुरतं संपायच्या आत पुढच्याचं चित्र हजर होतं आणि सेकंद मोजायला लागतं. 'संपलं' ही गोष्टच कुणीतरी काढून घेतली आहे. मग मध्येच हात घालून बंद करणारी आई तेवढी उरते आणि पोराच्या लेखी सगळा गुन्हा तिचाच.

त्यामुळे शेवट आपणच तयार करावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाला 'दहा मिनिटं' कळत नाहीत, 'हे संपलं की' कळतं. म्हणून मिनिटांची भाषा सोडा. सुरू करतानाच सांगा, "हत्तीची गोष्ट आणि सशाची गोष्ट, मग बास." गोष्टीच्या मध्यावर कधीच बंद करू नका, आपल्यालाही क्रिकेटच्या शेवटच्या षटकात लाईट गेलेली सोसत नाही. आणि बटन तिलाच दाबू द्या. आमची रिमोट दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठे एकदम दाबते, खाली लाल दिवा लागला की "झोपला" म्हणते आणि रिमोट फळीवर ठेवायला जाते. फळीपर्यंत तिचा हात पोचत नाही. तो ठेवायला आजोबा लागतात. तेवढ्यात रडायचं राहून जातं.

बंद झाल्याबरोबर हातात काहीतरी काम द्या. "जा, खेळ" म्हणजे काम नव्हे. "आजोबांचा चष्मा नेऊन दे", "कोथिंबीर निवडायला ये", "दादाची सायकल आली का गॅलरीतून बघ" असं काहीतरी नेमकं हवं.

एवढं करूनही रडली तर रडू द्या. जवळ बसा, पण तह करू नका. रडण्याला कंटाळून परत लावून दिलं, तर किती रडलं की टीव्ही लागतो याचा हिशेब मूल त्याच दिवशी पक्का करतं, आणि उद्या तेवढं तरी रडतंच.

ते आपोआप पुढे जाणं कुठे बंद होतं?

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' असतं, तिथे. पण मोबाईलवर बंद केलं म्हणून टीव्हीवर होत नाही. टीव्हीतल्या ॲपमध्ये जाऊन वेगळं करावं लागतं. हे कुणी सांगत नाही आणि आपण "केलं होतं की हो!" म्हणत बसतो.

दुसरी भानगड खात्याची. टीव्हीवर बहुतेक घरांत एकच खातं असतं, तेही आजोबांचं. मग सासऱ्यांना 'चाऊ-माऊ'ची गाणी सुचवली जातात आणि पोरीच्या समोर राजकारणावर हमरीतुमरीवर आलेली माणसं येतात. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप आहे. त्यात शोधायची सोय बंद करता येते, आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं करता येतं आणि वेळही लावता येते. पालकांच्या भागात शिरायला ते एक गुणाकार विचारतं. साडेतीन वर्षांच्या मुलीला तो येत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या आठवीतल्या दादाला येतो आणि तो फार प्रेमळ आहे. म्हणून स्वतःचा पासकोड लावा.

आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट जुनीच आहे: पेन ड्राइव्ह. त्यावर घरचेच व्हिडिओ टाकले. मामाचं लग्न, शेतावर हुरडा खाताना, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसून ओरडताना. टीव्हीला लावायचा, तेवढे बघायचे, संपले की संपले. स्वतःला टीव्हीत बघण्याइतकं दुसरं काही पोरांना आवडत नाही. जाहिरातही नाही.

जेवताना मोबाईल नसेल तर घासच घेत नाही.

खातं पोट भरेपर्यंत, की व्हिडिओ संपेपर्यंत? पडद्याकडे बघत तोंड उघडणाऱ्या मुलाला आपण काय खातोय, पोट भरलं का, यातलं काही कळत नाही. आपल्याला वाटी रिकामी झाल्याचं समाधान मिळतं, एवढंच.

सोडवायचं असेल तर दिवसाच्या एका जेवणापासून सुरुवात करा, आणि ते जेवण सगळे एकत्र बसतात तेच असू द्या. पहिले काही दिवस दोन घास कमी खाईल. मूल खेळतंय, झोपतंय, लघवी नीट होतेय, तर एका जेवणाचा हिशेब धरू नका. वजनाचीच काळजी असेल तर डॉक्टरांकडे नेऊन वजन करा, शेजारणीच्या नातवाशी तुलना करू नका.

आमच्याकडे चालतं ते असं. सासूबाई भाकरी थापायला बसल्या की पोरीला पिठाचा एक गोळा मिळतो. ती तो परातीच्या कडेला थापते, पाणी जास्त घालते, चिखल करते, पण शेवटी त्यातून रुपयाएवढी एक भाकरी निघते. ती तव्यावर कोपऱ्यात पडते, फुगली तर आरडाओरडा होतो. स्वतःची भाकरी ती दूध-गुळात कुस्करून सगळी खाते. कडक भाकरीचा तुकडा तर मोबाईलपेक्षा जास्त वेळ पुरतो, मात्र शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं.

एक गोष्ट सोलापूरकरांना मुद्दाम सांगायची आहे. आपल्या घरात शेंगदाणे भाजलेले, खारे, नुसते, सगळीकडे पडलेले असतात. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. टीव्ही बघत, हसत, पळत खाल्ला तर धोका आणखी वाढतो. कूट करून द्या. शेंगाचटणी द्यायची तर तिखट न घातलेली, बारीक कुटलेली, दह्यात कालवून.

सासूबाईंच्या मालिका संध्याकाळी सातला सुरू होतात. मूल तिथेच बसतं.

हा प्रश्न टीव्हीचा कमी आणि घरातल्या राजकारणाचा जास्त आहे.

टीव्ही नुसता चालू असला, मूल त्याकडे बघत नसलं, तरी घरातली मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात आणि मुलाचा खेळ तुटक होतो. आपणच एक दिवस ऐकून बघावं. "मम्मी, हे बघ" असं पोर चारदा म्हणतं आणि चारही वेळा "हं" एवढंच उत्तर मिळतं, कारण तिकडे कुणाच्या तरी चहात काहीतरी घातलेलं असतं.

पण सासूबाईंचा दिवस पहाटे पाचला सुरू झालेला असतो आणि तो अर्धा-पाऊण तास त्यांचा हक्काचा आहे. मालिकेवर टीका करायला जाल तर पोर राहील बाजूला आणि भांडण लागेल भलत्याच गोष्टीवरून. बहुतेक मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो आणि ॲपवरही असतो. दुपारी मूल झोपलं की तो निवांत बघता येतो. आमच्याकडे संध्याकाळची एकच मालिका ठरली आहे आणि तेवढा वेळ बापाने पोरीला गच्चीवर न्यायचं. आणि हो, हे सुनेने सांगायचं नसतं, मुलाने आपल्या आईला सांगायचं असतं. तो "तूच सांग ना" म्हणाला तर त्यालाच रात्रभर पोर सांभाळायला द्या.

जाहिराती एकदम इतक्या मोठ्याने का ओरडतात? झोपलेलं मूल उठतं.

तुमच्या कानात काही बिघाड नाही. जाहिरातीचा आवाज तयार करतानाच दाबून सपाट करतात. म्हणजे हळू भागही वर आणून ठेवतात, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज तोच राहिला तरी सरासरी आवाज वाढतो. मालिकेत कुजबूज असते, दार वाजतं, मग शांतता असते. जाहिरातीत सगळं एकाच पट्टीत, बोंबलत.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलेलं आहे आणि तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत असंही. नियम वाचून पोर झोपत नाही, त्यामुळे टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाईट मोड' असं काही आहे का ते शोधा. बऱ्याच टीव्हींत ते असतं आणि विकत घेतल्यापासून कुणी चालू केलेलं नसतं.

नको असलेल्या वाहिन्या काढता येतात का?

येतात. २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडायची सोय आहे. केबलवाल्याला फोन करा, किंवा डीटीएचच्या ॲपवरून स्वतः काढा. सेट-टॉप बॉक्सला चाइल्ड लॉकही असतं. त्याचा मूळ पिन बहुधा चार शून्यं किंवा एक-दोन-तीन-चार असतो, तो बदला.

घरात तीन रिमोट आहेत आणि एकही वेळेवर चालत नाही.

माझंही रडगाणं तेच. टीव्हीचा एक, बॉक्सचा एक, आणि नेटवरचं दाखवायला टीव्हीला ती लहानशी काडी लावली आहे तिचा एक. वर रिमोटवर अशा ॲपांची बटनं, ज्यांचे पैसे आपण भरत नाही. पोराचा अंगठा नेमका त्यावर पडतो आणि पडद्यावर 'सदस्य व्हा' असं येऊन टीव्ही हट्टाला पेटतो. टीव्ही चालू केल्या केल्या पहिल्या पानावर रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचं पोस्टर, आणि ते काढायची सोय तिसऱ्या मेनूच्या आत. हे ज्यांनी बनवलं त्यांच्या घरी लहान मूल नसावं.

थोडा उतारा आहे. सेटिंगमध्ये 'एचडीएमआय सीईसी' नावाची सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती चालू केली की बरेचदा एका रिमोटवर दोन्ही यंत्रं चालू-बंद होतात. सासऱ्यांसाठी मी लागणाऱ्या बटनांवर लाल टिकली चिकटवली आहे. सासूबाईंच्या पाकिटातली.

यातली गंभीर गोष्ट एकच. काही चपट्या रिमोटांत, खेळण्यांत, वजनकाट्यांत रुपयासारखा गोल चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. संशय आला तरी उलटी करवू नका, केळं भरवून वाट बघू नका. एक्स-रे आणि तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो अशा दवाखान्यात थेट जा. आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर आजच चिकटपट्टी लावा.

मुलगी एकदम टीव्हीतल्यासारखं हिंदी बोलायला लागली आहे. मराठी बिघडेल का?

सोलापुरात चार भाषा कानावर पडल्याशिवाय पोर मोठं होत नाही. आमच्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्या तिच्याशी कन्नडमध्ये बोलतात. शेजारी तेलुगू चालतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या चाचींची दखनी हिंदी वेगळी. आणि घरातली मराठी म्हणजे "काय करलालीस बे" अशी, जी ऐकून पुण्याची नणंद हसते. एवढ्यात आणखी एक हिंदी आली म्हणून मुलाचा मेंदू गोंधळत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. चाचींना पोर काही बोललं की चाची उलट बोलतात, "क्या रे, टमाटे होना क्या?" म्हणतात, आणि पोराला उत्तर द्यावंच लागतं. कार्टूनमधलं पात्र विचारतं, "तुम्हें पेड़ दिखा?" दोन सेकंद थांबतं आणि म्हणतं, "शाबाश!" पोराने झाड दाखवलेलं असो, नाक खाजवलेलं असो, शाबाशकी ठरलेलीच. भाषा शिकायला समोर चुकीचं ऐकू येणारं, परत विचारणारं माणूस लागतं.

म्हणून काय बघता यापेक्षा शेजारी कोण बसलंय ते महत्त्वाचं. शेजारी बसा, मराठीत बडबड करा, "हा पडला बघ, आता आई ओरडणार." काही वाहिन्यांवर रिमोटच्या 'ऑडिओ' बटनाने भाषा बदलता येते, तेही करून बघा. आणि दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर टीव्हीला दोष देत थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या.

टीव्ही जवळून बघितल्याने डोळे जातात का?

जात नाहीत. पण मूल सारखं जवळ जाऊनच बघत असेल तर त्याला लांबचं दिसत नसेल, हे तपासा. चष्मा टाळायचा असेल तर मुलाला रोज उजेडात, बाहेर खेळू देणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

बाहेर कुठे न्यायचं? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वरही जातो.

मान्य. उन्हाळ्यात अकरा ते पाच आपलं शहर लहान मुलांसाठी नाहीच. त्यामुळे पहाट आणि संध्याकाळ वापरा. सकाळी लवकर सिद्धेश्वर तलावाची कड, संध्याकाळी भुईकोट किल्ल्याची बाग, नाहीतर कंबर तलावावर पक्षी बघायला. जानेवारीत संक्रांतीला गड्डा लागला की चिंता नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, बांगड्यांपासून चक्रीपर्यंत सगळं, आणि रात्री शोभेची दारू. मात्र त्या गर्दीत मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

घरातल्या घरात म्हणाल तर पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटारीचा आवाज ऐकूनच आमची चड्डीवर बाथरूमपाशी हजर असते. तिला एक छोटा तांब्या आणि एक घागर दिली आहे. बादलीतून घागरीत, घागरीतून टबात. वाया काही जात नाही. सांडलेल्या पाण्यात फरशी पुसून होते. टबात पाणी ठेवून मुलाला एकटं सोडू नका, एवढंच. चार इंच पाणीही पुरतं बुडायला.

मोबाईल तिच्या हाताला लागला तर?

लागणारच. अनेक फोनांवर पॉवरचं बटन पटापट दाबलं की ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीला फोन लागतो. पोरांना तेच बटन सगळ्यात आवडतं. सेटिंग बघून ठेवा आणि चुकून लागलाच तर न कापता "चुकून लागला" असं सांगा. एकच ॲप उघडं ठेवून बाकी फोन कुलूपबंद करायची सोय अँड्रॉइडमध्ये असते, 'ॲप पिनिंग' नावाने. पैशांच्या ॲपचा पिन मुलासमोर बोलत बोलत टाकू नका. त्यांची पाठांतरं चांगली असतात.

बालवाडीच ॲपवर व्हिडिओ पाठवते, "मुलांना दाखवा" म्हणून.

पाठवतात खरं. दाखवलाच पाहिजे असं नाही. गाण्याचा व्हिडिओ असेल तर तुम्ही एकदा बघा, चाल लक्षात ठेवा आणि भाकरी करताना म्हणा. बाईंना भेटून स्पष्ट सांगितलं तर त्या बहुधा ऐकतात. त्यांनाही ते ॲप वरूनच आलेलं असतं.

आपणच दिवसभर फोनवर असतो, मग मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

काम असेल तर ते बोलून दाखवा. "कारखान्याचं बिल बघतेय", "मावशीला फोन लावतेय." नुसता चेहरा खाली घालून बसलेली आई मुलाला कळत नाही, काम करणारी आई कळते. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं, त्याच्या आधीचे दोन दिवस आमच्या घरात मी नसल्यात जमा असते. पोरीला तारीख कळत नाही, पण "मम्मीची वीस आली" हे ती आजीला सांगते. कामाशिवायची बोटं फिरवणं मात्र ती झोपल्यावर, आणि तेही जमेल तेवढं कमी.

एवढा वैताग आहे तर टीव्ही काढूनच का टाकत नाही?

ज्यांना जमतं त्यांनी जरूर काढावा. आमच्याकडे सासूबाईंचे गुडघे दुखतात, संक्रांतीतला सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा त्यांना टीव्हीवरच बघावा लागतो. सासऱ्यांना क्रिकेट लागतं. रविवारी दुपारी सगळे मिळून काहीतरी बघतात आणि तेव्हा पोरगी पाच मांड्यांवर आळीपाळीने बसते. तो वेळ मला नकोसा वाटत नाही.

ठेवायचाच असेल तर भिंतीला पक्का ठोकून घ्या. टेबलावरचा मोठा टीव्ही मुलाने ओढला तर अंगावर येतो. वायरी लोंबकळत ठेवू नका, आणि टीव्हीखालच्या फळीवर खेळणी अजिबात ठेवू नका, कारण मूल ती घ्यायला फळीवर चढतं. ड्रिल मशीनवाला एकदा बोलावला की त्याच फेरीत कपाटही भिंतीला लावून घ्या.